विधानसभा लढवायची आहे? आधी यादी हातात घ्या

विधानसभेला उभं राहायचं मनावर घेतलेली मंडळी भेटली की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शुभारंभाची सभा कुठं घ्यायची, फ्लेक्स किती लावायचे, सोशल मीडिया कोण सांभाळणार. माझा त्यांना उलटा प्रश्न असतो: तुमच्या भागाची मतदार यादी तुम्ही शेवटची कधी वाचलीत? विधानसभेची निवडणूक यादीत सुरू होते, बूथवर ठरते आणि हिशेबाच्या रजिस्टरमध्ये संपते. सभा, पदयात्रा, गाणी हा सगळा मधल्या पंधरवड्याचा मामला आहे.

मी पुण्यात शनिवार पेठेत राहते. व्यापाऱ्यांची खाती लिहिणं हा माझा व्यवसाय, आणि त्यातूनच उमेदवारांचे हिशेब, मग त्यांचे अर्ज, मग निवडणूक प्रतिनिधीचं काम माझ्याकडे येत गेलं. ज्यांच्यामागे मोठ्या पक्षाची यंत्रणा नाही, अशा छोट्या पक्षांच्या आणि अपक्ष उमेदवारांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं कसबा पेठ मतदारसंघाची आहेत, कारण इथले बोळ मला पाठ आहेत. पण शिवाजीनगर, पर्वती, कोथरूड, हडपसर, वडगाव शेरी, खडकवासला किंवा कॅन्टोन्मेंट, पुणे शहरातल्या आठांपैकी कुठंही गेलात तरी कामाचा क्रम हाच राहतो.

वेळ किती मिळतो ते आधी समजून घ्या

२०२४चं वेळापत्रक समोर ठेवा. १५ ऑक्टोबरला घोषणा झाली आणि त्याच क्षणी आचारसंहिता लागली. २२ला अधिसूचना, २९ला अर्ज भरायचा शेवटचा दिवस, ३०ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत, २० नोव्हेंबरला मतदान, २३ला मतमोजणी. आता यात दिवाळी घाला. अर्जाचा शेवटचा दिवस धनत्रयोदशीला आला आणि माघारीचा दिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. प्रेसमधले कामगार गावी गेलेले, कार्यकर्ते फराळाला पाहुण्यांकडे, निम्म्या सोसायट्यांना कुलपं. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार बंद होतो, म्हणजे १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला. अपक्षाच्या हातात चिन्ह घेऊन फिरायला जेमतेम दोन आठवडे उरले.

राज्यातल्या विधानसभेची मुदत वर्षाच्या अखेरीला संपते, त्यामुळे मध्येच काही घडलं नाही तर २०२९लाही हाच हंगाम येणार. पुण्यात याचा अर्थ असा की पाऊस, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि निवडणूक एकापाठोपाठ एक. अनंत चतुर्दशीपर्यंत पेठांमधला कार्यकर्ता तुमचा नसतो, तो मंडळाचा असतो. त्याच्यावर रागावू नका. जे काम शांतपणे बसून करायचं आहे ते श्रावणाच्या आत संपवा. यादीचं काम तर त्याच्याही वर्ष-दीड वर्ष आधी सुरू व्हायला हवं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. आजचे मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेनं ठरले. कोथरूड, खडकवासला, वडगाव शेरी ही नावं २००९ला पहिल्यांदा लढली गेली. पुढची पुनर्रचना २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे, आणि महिलांच्या एक तृतीयांश जागांचं आरक्षणही तिच्याशीच जोडलेलं आहे. म्हणून काम मतदारसंघाच्या नकाशावर बांधू नका, यादीच्या भागांवर बांधा. सीमारेषा सरकली तरी गल्ली आणि घरं तीच राहतात.

यादी वाचायची कशी

मतदार यादी ‘भागां’मध्ये असते. एक भाग म्हणजे साधारणपणे एक मतदान केंद्र, ज्याला आपण बूथ म्हणतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाची मराठी पीडीएफ मिळते. ती उतरवून घ्या, कागदावर छापा आणि पेन्सिल हातात घ्या. मोबाइलवरची ॲप नंतर वापरा, पहिलं वाचन कागदावरच करा. भागाच्या मागे पुरवणी यादी असते, वगळलेली नावंही तिथं कळतात. ती जोडल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही.

माझ्यासमोर शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याचं पान आहे. घर क्रमांक एकच, नावं पंचवीसच्या वर. पहिलं नाव चौऱ्याण्णव वर्षांच्या आजोबांचं. ते जाऊन बराच काळ झाला, नाव अजून आहे. त्यांच्या सुनेचं नाव दोनदा, एकदा माहेरच्या आडनावानं. नातीचा फोटो शाळेतला, ती लग्न होऊन नाशिकला गेली. तळमजल्यावरच्या भाडेकरूंची चार नावं; वाडा पाडून इमारत झाली तेव्हा ते धायरीला गेले. आणि त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पाच मुलं राहतात. त्यांतल्या एकाचंही नाव या पानावर नाही, ती सगळी लातूर-बीडकडच्या याद्यांत आहेत. दार वाजवलं की आजी सांगतात, “मुलगा सिंहगड रोडला गेला हो, पण मत इथंच आहे. येतो मताला, आणि जेवूनच जातो.”

या एका पानावरून पेठांची सगळी निवडणूक कळते. पंचवीस नावांतली दहाच मतदानाच्या दिवशी चालत येऊ शकणारी. म्हणून प्रत्येक नावापुढे खूण करा: हजर, मयत, स्थलांतरित, दुबार, परगावी. पाच शब्दांच्या पलीकडे काही लिहू नका. ‘आपला’, ‘त्यांचा’ असं तर मुळीच नको. माणूस दारात उभा असताना त्याच्या नावापुढे असा शिक्का मारला की पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याशी मोकळेपणानं बोलूच शकत नाही.

मग येतात अर्ज. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी नमुना ८. अठरा वर्षं ज्या तारखेला पूर्ण हवीत ती अर्हता तारीख. पूर्वी १ जानेवारी ही एकच होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात. जुलैत अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागत नाही. कॉलेजात जाऊन, सोसायटीच्या जिन्यात टेबल टाकून, हे अर्ज ज्याचे त्याच्याकडूनच ऑनलाइन भरून घ्या. गठ्ठ्यानं आणून टाकलेले अर्ज कार्यालय घेत नाही आणि ते बरोबरच आहे. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपले बीएलओ, बहुतेक वेळा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी असतात. आपलं रोजचं काम सांभाळून ते हे करतात. त्यांना अरेरावी करू नका. त्यांच्याकडे पूर्ण भरलेला कागद द्या.

स्थलांतरित मतदाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जो धायरीला कायमचा गेला त्यानं नमुना ८ भरून नाव तिकडं न्यावं, आणि तुम्ही त्याला ते सांगावं, तो तुमचं मत असला तरी. तसंच समोरच्याच्या वस्तीतली नावं उडवायला नमुना ७ चे ढीग टाकणं हा निव्वळ अधर्म आहे. खोटं निवेदन करणं गुन्हा आहेच. पण त्याहीपेक्षा, मतदानाच्या दिवशी सत्तर वर्षांच्या बाईला “तुमचं नाव नाही” असं ऐकून परत फिरताना एकदा बघा, म्हणजे हे काम कुणी का करू नये हे समजेल.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नावं चढतात, पण त्यासाठी अर्ज साधारण दहा दिवस आधी पोचलेला लागतो. शेवटच्या पुरवणीनंतर अनुक्रमांक आणि केंद्रही बदलू शकतं. २०२४ला पुण्यात बरीच केंद्रं मोठ्या सोसायट्यांच्या आवारात नेली गेली. म्हणून मतदारांच्या चिठ्ठ्या जुन्या यादीवरून कधीही छापू नका.

उमेदवारी अर्ज: पाच लोक, तीन वाजता दार बंद

उमेदवाराचं वय २५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. दुसऱ्या मतदारसंघातलं असेल तर त्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला आणि अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि ते दहाही ज्या मतदारसंघातून लढायचं तिथलेच मतदार असावे लागतात. इथं यादीचं काम पहिल्यांदा कामाला येतं. सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून उतरवा आणि दहाच्या जागी चौदा सूचक तयार ठेवा, कुणी ऐनवेळी गावाला जातो. चारपर्यंत अर्ज भरता येतात. दोन तरी वेगवेगळ्या सूचकांचे भरा.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. सोबत नमुना २६चं शपथपत्र: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे. त्यातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जिथं काही नाही तिथं ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोरा रकाना ठेवून सूचनेनंतरही भरला नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो. गुन्हे दाखल असतील तर माघारीनंतर तीन वेळा वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर ती माहिती प्रसिद्ध करावी लागते. त्याची तारीख आणि खर्च आधीच धरून ठेवा. पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारे ए आणि बी फॉर्म शाईच्या सहीचे असावेत, झेरॉक्स चालत नाही.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात उमेदवार धरून पाच जण जातात, शंभर मीटरच्या आत तीन गाड्या. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. मिरवणूक काढायचा मोह आवरत नसेल तर ती लवकर काढा, कारण पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एकदा अडकलात की घड्याळ कुणासाठी थांबत नाही. माझा सल्ला असा की पहिला अर्ज शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधी गुपचूप भरून टाका. छाननीत काय निघेल ते समजायला वेळ मिळतो. शपथही अर्ज भरल्या भरल्या तिथंच घ्या. छाननीच्या दिवशी घेऊन चालत नाही.

मतपत्रिकेवर नाव कसं छापून यायला हवं, ते नीट सांगा. लोक तुम्हाला ज्या नावानं ओळखतात ते नाव. सारख्या नावाचा दुसरा उमेदवार उभा करण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे.

खर्चाचं रजिस्टर

हा माझा प्रांत, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे. ती अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. पत्रकं आधी छापली आणि वाटली नंतर, तरी खर्च यातच. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा आणि सगळा पैसा त्यातूनच जाऊ द्या, स्वतःच्या खिशातलाही आधी खात्यात भरा. संपूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला रोखीनं १०,०००पेक्षा जास्त देता येत नाही. मंडपवाल्याला आज सात हजार आणि परवा सहा हजार रोख दिलेत, तर तुम्ही मर्यादा ओलांडलीत.

रजिस्टरचे तीन भाग असतात: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. रोज रात्री लिहायचं. रविवारी बसून आठवड्याचं लिहू म्हणालात की चहाच्या टपरीचं बिल हरवलेलं असतं. माझ्या पद्धतीनं सांगायचं तर कार्यालयात एक पत्र्याची पेटी ठेवायची, कार्यकर्त्यानं पैसे मागितले की आधी बिल पेटीत, मग पैसे हातात. बिलावर उमेदवाराचं नाव, तारीख आणि कशासाठी ते लिहिलेलं हवं. ‘किरकोळ’ हा शब्द रजिस्टरमध्ये दिसता कामा नये.

जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक ठरवतं. खुर्ची, मंडप, स्पीकर, चहा, वडापाव, हार, टोपी, जीप, सगळ्याचे दर त्यात असतात. मित्रानं गाडी फुकट दिली तरी तिचा दर लागतो. निवडणूक खात्याची माणसं तुमच्या सभेचं चित्रीकरण करतात, खुर्च्या मोजतात आणि स्वतःचं छाया रजिस्टर ठेवतात. प्रचाराच्या काळात किमान तीनदा तपासणीला तुमचं रजिस्टर न्यावं लागतं. तुमचे आकडे आणि त्यांचे आकडे जुळले नाहीत तर नोटीस येते. नोटिशीला घाबरायचं कारण नाही, पण उत्तर मुदतीत आणि कागदासकट द्यायचं. सभेच्या दिवशी तुमच्या एका माणसानं खुर्च्यांचा आणि मंडपाचा फोटो वेळेसकट काढून ठेवला की निम्मे वाद तिथंच मिटतात.

पैसा कमी असेल तर कुठं घालायचा? माझं उत्तर: चिठ्ठ्या, घरोघर फिरणाऱ्या मुलांचा चहा-नाश्ता, बूथवरच्या माणसांचं जेवण आणि एक चांगला छापलेला जाहीरनामा. फ्लेक्सवर सगळ्यात शेवटी.

छपाईचं म्हणाल तर नारायण पेठ, सदाशिव पेठ, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास तुम्हाला प्रेसची ददात नाही. मात्र प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, प्रतींची संख्याही घाला. प्रेसवाल्याला प्रकाशकाचं निवेदन द्यावं लागतं, तो ते पत्रकाच्या प्रतींसह प्रशासनाकडे पाठवतो. टीव्ही, रेडिओ, सोशल मीडियावरच्या जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी आधी घ्या. मतदानाच्या आणि आदल्या दिवशी वृत्तपत्रात जाहिरात द्यायची तर तिलाही लागते.

प्रचार

परवानग्या निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर ऑनलाइन मागता येतात. सभा, पदयात्रा, गाडी, स्पीकर, कार्यालय, प्रत्येकाची वेगळी. गाडीच्या काचेवर परवान्याची मूळ प्रत हवी. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. खासगी भिंतीवर काही लावायचं तर मालकाची लेखी परवानगी.

पेठांत मोठी सभा घेण्यापेक्षा चौकसभा घ्या, वीस मिनिटांची. तुळशीबाग आणि मंडईत संध्याकाळी पदयात्रा नेऊ नका. खरेदीला आलेली माणसं मतदार बहुतेक दुसरीकडची असतात आणि दुकानदार धंद्याच्या वेळी वैतागतो. दुकानदाराला भेटायचं तर सकाळी दुकान उघडताना. ज्येष्ठ मंडळी सकाळी बागेत आणि कट्ट्यावर भेटतात. वस्तीत बायका दुपारी दोन-चारच्या मध्ये मोकळ्या असतात. सोसायटीत वॉचमनशी हुज्जत घालण्यापेक्षा सचिवांना आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या, आणि दोघा-तिघांनीच जा. दुपारी एक ते चार पेठेत दाराची बेल वाजवू नका, हे पुण्यात कुणी वेगळं सांगायला नको.

घरोघर जाण्याची ताकद किती असते याचं उदाहरण कसब्यातच आहे. १९९५ ते २०१४ अशा सलग पाच निवडणुका भाजपचे गिरीश बापट इथून जिंकले आणि २०१९ला मुक्ता टिळकांनी पक्षासाठी जागा राखली. त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले. कारणं अनेक सांगितली गेली. पण लोकांच्या दारात वर्षानुवर्षं जाणारा माणूस ही बाब कुणीच नाकारली नाही. आणि मतदान निम्म्याच्या जवळपासच झालं होतं. निम्मे लोक घरी बसतात, म्हणजे ज्याचे मतदार उठून बाहेर पडले त्याचा निकाल लागतो.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदाराला घरून मत देता येतं. त्यासाठीचा १२ डी अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. पेठेतल्या तीन मजले जिना असलेल्या घरांत अशी किती आजी-आजोबा आहेत ते तुमच्या खुणा केलेल्या यादीत असेलच. बीएलओ त्यांच्याकडे पोचले का, एवढं बघा. मत कुणाला, हे विचारू नका.

बूथ

२०२३च्या पोटनिवडणुकीत कसब्यात पावणेतीन लाखांच्या घरात मतदार आणि २७० केंद्रं होती. प्रत्येक बूथवर एक पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रात बसणारा उमेदवाराचा माणूस, आत आणि दोन बदली, म्हणजे ८१० माणसं. बाहेरच्या टेबलावरची वेगळी. छोट्या उमेदवाराला हे शक्य नाही हे आधीच मान्य करा आणि जिथं तुमचं यादीचं काम पक्कं झालंय असे शंभर बूथ निवडा. शंभर बूथवर दिवसभर बसणारी माणसं, २७० ठिकाणी नऊ वाजता उठून जाणाऱ्यांपेक्षा कधीही चांगली. एजंट शक्यतो त्याच यादीतला असावा. त्याला शेजारी ओळखतात, आणि तो शेजाऱ्यांना.

नेमणूक नमुना १०वर होते. उमेदवार किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही हवी आणि ती कार्यालयात दिलेल्या नमुना सहीशी जुळली पाहिजे. शंभर फॉर्मवर सह्या करायला एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवा. घाईत सही बदलते आणि सकाळी साडेपाचला केंद्राध्यक्ष एजंटला आत घेत नाहीत.

साडेपाच अशासाठी की मतदान सातला सुरू होतं आणि अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, त्याच्या दीड तास आधी. एजंटनं तिथं असलंच पाहिजे, कारण यंत्र तपासण्याची त्याची हीच वेळ आहे. एकूण किमान पन्नास मतं टाकली जातात, त्यांत प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला काही ना काही. कोणी कोणाला किती टाकली ते एजंटनं स्वतःच्या वहीत उतरवावं. मग क्लोज, रिझल्ट ही बटणं, आणि कंट्रोल युनिटवरचा (मतं साठवणाऱ्या यंत्रावरचा) आकडा व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी मोजून बघायचा. त्यानंतर क्लिअर, यंत्रावर शून्य दिसलं पाहिजे. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील होतात आणि पेटी रिकामी आहे हे एजंटला दाखवतात. हिरव्या कागदी सीलवर सही करायची आणि त्याचा क्रमांक, कंट्रोल युनिटचा क्रमांक वहीत लिहायचा. हे सगळं मोबाइलशिवाय, कारण तो आत नेता येत नाही. म्हणून प्रत्येक एजंटला मी एक लहान वही, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा अशी पिशवी देते.

दिवसभर आत बसून काय करायचं? आलेल्याच्या नावावर यादीत खूण. आलेला माणूस खरा मतदार नाही अशी शंका असेल तर आक्षेप मताची तरतूद आहे, दोन रुपये भरून. मात्र ती शंका खरी असावी. गर्दीत गोंधळ घालायला तिचा वापर करू नका. आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर त्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते, हे एजंटला माहीत हवं. खूण केलेली यादी बाहेर न्यायची नाही.

बाहेरचं टेबल केंद्रापासून शंभर मीटरच्या पलीकडे; २०२४ला ही मर्यादा २०० मीटर होती. शंभर मीटरच्या आत प्रचार नाही. चिठ्ठी पांढऱ्या साध्या कागदावर, फक्त नाव, भाग, अनुक्रमांक आणि केंद्र. उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही. मतदाराला रिक्षातून फुकट आणणं भ्रष्ट आचरणात मोडतं, कितीही चांगल्या भावनेनं केलंत तरी. ज्या आजींना चालवत नाही त्यांच्यासाठी प्रशासनाची सोय असते, तिची माहिती आदल्या दिवशी त्यांच्या घरी पोचवा.

सात ते नऊ ज्येष्ठ येतात, अकरा ते एक घरचं आवरून बायका, चारनंतर कामावरून सुटलेले. दुपारी दोनला टेबलावरच्या माणसानं यादी काढून ‘हजर’ खुणेची पण न आलेली नावं बघावीत आणि मुलांना त्या घरी पाठवावं. “काकू, अजून चार तास आहेत, गर्दी नाहीये” एवढंच सांगायचं. सहा वाजता जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मत देता येतं; शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या दिल्या जातात.

मतदान संपलं की एजंट उठून जातो, आणि तिथंच घोडं पेंड खातं. केंद्राध्यक्ष क्लोज बटण दाबतात, एकूण मतांचा आकडा येतो आणि तो नमुना १७ सी मध्ये लिहितात. त्याची प्रत घेतल्याशिवाय एजंटनं केंद्र सोडायचं नाही. तो दमलेला असतो, बाहेर मित्र बोलावत असतात, तरीही. रात्रीच शंभर बूथांच्या १७ सी गोळा करून भाग क्रमांकानुसार फाइलला लावा.

मतमोजणी आणि नंतर

२०२३ला कसब्याची मोजणी कोरेगाव पार्कच्या अन्न महामंडळाच्या गोदामात झाली. साधारण चौदा टेबलं मांडतात. २७० भागिले चौदा, म्हणजे वीस फेऱ्या. मोजणी प्रतिनिधींची यादी नमुना १८वर मोजणीच्या तीन दिवस आधी द्यायची. तिथं हिशेब जमणारी माणसं पाठवा. आठला टपाली मतं, मग यंत्रं. टेबलावर कंट्रोल युनिट आलं की आधी त्याचा क्रमांक आणि सील १७ सीशी ताडून बघायचं, मग एकूण आकडा, आणि मगच उमेदवारवार मतं लिहून घ्यायची. आकडा जुळत नसेल तर तिथल्या तिथं लेखी अर्ज. प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठीनं काढलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही मोजतात. तोपर्यंत हॉल सोडू नका. निकालावर हरकत असेल तर उच्च न्यायालयात याचिकेची मुदत ४५ दिवसांची आहे.

बूथवार मतांचा तक्ता त्याच आठवड्यात आपल्या यादीशेजारी मांडा. कुठल्या भागात तुमच्या ‘हजर’ खुणा होत्या आणि मतं आली नाहीत, ते गल्लीनुसार दिसतं. तो तक्ता आणि खुणा केलेल्या याद्या नीट बांधून ठेवा, पुढच्या वेळी शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

आणि निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दाखल करा. जिंकलेल्यालाही, हरलेल्यालाही, डिपॉझिट गेलेल्यालाही. न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि हरल्यावर कार्यालयाला कुलूप लावून गावी गेलेल्या उमेदवारांचं नेमकं हेच होतं. रजिस्टर, बिलं, बँकेचं विवरण, शपथपत्र, गोषवारा. प्रत्येक पानावर उमेदवाराची सही. निवडणूक प्रतिनिधीची सही असेल तर उमेदवाराची प्रतिसही लागते. संपूर्ण संचाची एक झेरॉक्स घरी ठेवा, दाखल केल्याची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या, आणि त्याच फेरीत अनामत परत मिळण्याचा अर्जही देऊन या.